कुंडीतल्या झाडाचा वारस

करी रोड, मुंबई

चि. ओवी,

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधला तो बुटका पाइन पाहून तू विचारलंस, 'मावशी, मीही एखादा बोन्साय घेऊ का?' मराठीत विचारलंस, त्यानेच निम्मं समाधान झालं. ते झाड १६२५ पासून कुंडीत आहे, हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तो त्यांच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर. काचा फुटल्या, पण रोपवाटिकेच्या भिंतीआड झाड वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी ते भेट दिलं, तेही अमेरिकेलाच! आणि बॉम्बची गोष्ट तिथल्या लोकांना कळली २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. म्हणजे पाणी घालण्यात पिढ्यान्‌पिढ्या खंड नाही, पण झाडाची हकीकत पाव शतक तिथे कुणाला ठाऊक नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, बोन्साय जमवणाऱ्याने स्वतःला मालक समजूच नये. आपल्यानंतर झाड कोणाकडे जाणार हे ठरवावं आणि झाडाची वही लिहावी: कुठून आणलं, कुंडी कधी बदलली, फांद्या वळवायला तार कधी बांधली.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं आपल्याकडे हमखास म्हणतात. मग नाशिकच्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी होते, तिला काय म्हणायचं? बोन्सायला उपाशी ठेवत नाहीत, खतपाणी नेमाने देतात. छळ होतो तो तार वेळेवर न काढल्याने; ती सालीत रुतते. मला दुसराच आक्षेप जास्त पटतो: झाड आणलं कुठून? इथल्या जुन्या चाळींच्या भिंतींत, पाइपांच्या सांध्यांत वड-पिंपळ उगवतात आणि दुरुस्तीत तोडले जातात. त्यातलं रोप विचारून घेतलं तर ते वाचलंच म्हणायचं. पण सह्याद्रीच्या कड्यावर कुणाच्याही पाण्याविना म्हातारं झालेलं झुडूप बाल्कनीसाठी उपटणं म्हणजे लूट, मग वर कितीही सुंदर आकार द्या.

तेव्हा नर्सरीतलं लहान रोप घे. वड घेतलास तर थंडीत घरात, उजेडाच्या खिडकीशी ठेव. पाइन किंवा ज्युनिपर मात्र बाहेरच हवा. आणि सुट्टीचं काय? मे महिन्यात गावाला जाताना चाळीत शेजारी किल्ली देता येते, तुमच्याकडे दार कोण कोणाचं ठोठावतं? डिसेंबरात तू इकडे येशील तेव्हा पाणी कोण घालणार, ते आधी ठरव आणि मगच झाड आण. झाडासाठी येणं मात्र रद्द करू नकोस. आजी आत्तापासून विचारते आहे.

तुझी,
मावशी