हात न टेकता

वजनकाट्यानं मला अजिबात दाद दिली नाही. कित्येक महिने नेमानं व्यायाम करूनही काटा जेमतेम किलोभर हलला, आणि ओळखीच्या बायका ‘काही फरक दिसत नाही गं’ असं तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. फरक पडला होता, पण दिसण्यासारख्या जागी नव्हता. जिन्यात होता, माळ्यावर होता, मोरीत बसून कपडे घासताना होता.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पन्नाशी ओलांडली तशी भाजीच्या पिशव्या घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबायची सवयच लागली होती. वरून कोणी उतरत असेल तर लगेच मोबाइल काढून बघायचं, म्हणजे दम लागलाय हे कळत नाही. उतरताना गुडघे बोलायचे ते वेगळंच.

त्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले, तर तिनं मांडीच दाबून पाहिली. म्हणाली, “काकू, गुडघ्याचा बराचसा भार या स्नायूनं घ्यायचा असतो. तुमचा झोपलाय.” आणि खुर्चीत बसून हात न टेकता उठायला लावलं. पुन्हा बसा, पुन्हा उठा. शाळेत उठाबशांची शिक्षा असायची, तिचीच ही सौम्य आवृत्ती. पुढे भिंतीला हात टेकून जोर आले, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं आलं. मी रोज चालत होतेच, तेवढं पुरेसं आहे अशी माझी समजूत. आठवड्याला किमान १५० मिनिटं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळ्यांना पाठ असते. किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा, हे तिच्यातलंच दुसरं वाक्य मात्र कोणी वाचत नाही.

काही आठवड्यांतच जिना सोपा वाटू लागला, तेव्हा मलाच खरं वाटेना. तिनं सांगितलं, सुरुवातीला स्नायू वाढत नाहीत. आहेत तेच कामाला लावायला मेंदू आणि नसा शिकतात. काटा का हलत नव्हता, तेही थोडंफार कळलं.

सगळ्यात मजा आली ती सिलिंडरची. भरलेला सिलिंडर तीसएक किलोचा, तो उचलण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पण गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, सिलिंडर किंचित तिरका करायचा आणि बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत ओट्याखाली न्यायचा, हे आता एकटीला जमतं. पूर्वी कंबरेतून वाकून ओढायचे आणि दोन दिवस पाठीला बाम चोळत बसायचे. दिवाळीत माळ्यावरचे पितळी डबे काढायलाही मुलगा घरी येण्याची वाट बघावी लागत नाही.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या औंधचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते; संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांकडून ते घालून घेत. आजोबा तिथेच शिकलेले. ऐंशीच्या घरातही ते पाटावर मांडी घालून जेवायचे आणि उष्टं ताट हातात घेऊन सरळ उठायचे. आम्हा नातवंडांना त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. मध्यंतरी एका मुंजीत पंगतीला खाली बसले आणि उठताना शेजारणीचा खांदा धरला नाही, तेव्हा आजोबा आठवले. तशी मजल काही मी मारलेली नाही. जमिनीला एक हात अजून लागतोच.

गणपतीत आठवडा-दोन आठवडे सगळं बुडतं. पाय फारशी तक्रार करत नाहीत, दम मात्र लगेच लागतो. हल्ली सासूबाईही ओट्याला धरून खुर्चीतून उठबस करतात. मोठ्यानं मोजतात, आणि पाचानंतर थेट आठ म्हणतात.