सावलीतले तापमान

मामी गेली ती मार्च २०२२च्या अखेरीस. वसमत तालुक्यातल्या आमच्या आजोळी तेव्हा हळद शिजवणे चालले होते. चुलाण पेटलेले, कढईतून वाफा निघताहेत, पलीकडे शिजलेली हळद उन्हात पसरलेली. दुपारी मामी डोके धरून बसली. दिवस कलला तसे तिचे बोलणे भरकटू लागले. अंग हाताला चटका बसावा असे तापलेले. दवाखान्यात पोचेतो उशीर झाला. घरचे म्हणाले, ‘ऊन लागलं.’ डॉक्टरांच्या कागदावर हृदयविकार आला.

तो कागद खोटा होता असे मी म्हणणार नाही. उन्हात शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामावाटे पाणी आणि क्षार जातात, हृदयाला दुप्पट राबावे लागते. आधीच थकलेले हृदय तिथे हरते. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. पण ते वेळेवर कोणी मोजलेच नाही, तर नोंदीत उरतो तो फक्त शेवटी थांबलेला अवयव.

हवामान खाते तापमान मोजते तेही सावलीत, जमिनीपासून चारेक फुटांवरच्या पांढऱ्या, हवेशीर पेटीत. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच. पण डोक्यावर ऊन आणि पुढ्यात जाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईची त्या आकड्याला खबर नसते. त्यात तो मार्च १९०१पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. हळदीचा हंगाम होता तिथेच आहे. उन्हाळा मात्र पुढे सरकून त्यात शिरू लागला आहे.

अहमदाबादेत मे २०१०मधल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. हे दाखल्यांवरून कळले नाही. एरवीच्या मे महिन्यांतील मृत्यूंशी तुलना केल्यावर कळले. मग २०१३मध्ये तिथे उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आला. मोठ्या शहरात असा फरक डोळ्यांत भरतो. खेड्यातला एखादा मृत्यू सुतकाबरोबर संपतो, आणि जे मोजले गेले नाही त्यासाठी आरोग्यकेंद्रात बर्फ, सलाईन, खाट यांची तजवीज कोण करणार?

२०२४मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मला आनंदच झाला.

मामा आता चुलाण पहाटे पेटवतात आणि ऊन चढायच्या आत विझवतात. त्यांना हे कोणी सांगितलेले नाही.