छोट्या हत्तीची खरेदी

‘पांढरा हत्ती पोसणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ आम्ही वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. परंतु तो आम्हांला पुरता उमगला तो धाकट्या बंधूंसाठी मालवाहू गाडी शोधताना.

आमचे बंधू भोपाळच्या करोंद मंडीतून पहाटे भाजी आणून बाग सेवनिया व साकेत नगर येथील खानावळींना पुरवितात. गाडी भाड्याची, त्यामुळे कमाईचा मोठा वाटा भाड्यातच जाई. अखेर स्वतःची गाडी घेण्याचे ठरले. भांडवल म्हणजे बंधूंची शिल्लक आणि आईने मोडलेल्या दोन पाटल्या. आमच्या घरची बोली कोंकणी. पैसे हाती देताना आई एवढेच म्हणाली, “पुता, पळोवन घे.” बाळा, पारखून घे!

बंधूंचे मन टनाहून अधिक भार वाहणाऱ्या मोठ्या पिकअपवर जडले होते. आम्ही वही काढली. रोजची भाजी पाच क्विंटल, म्हणजे अवघा अर्धा टन. मग रिकाम्या जागेचे हप्ते का भरावे? 2005 साली टाटांनी ‘एस’ ही पाऊण टन भार वाहणारी लहान चारचाकी बाजारात आणली. तिलाच लोक कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हणतात. आमच्या गणितात तीच बसत होती, तीही जुनी.

एका विक्रेत्याकडे नव्या रंगाने झळकणारी गाडी स्वस्तात मिळत होती. बंधू इसार देण्यास उतावीळ झाले. आम्ही नोंदणीपत्र मागितले. त्यावर वित्तसंस्थेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटल्याचा दाखला म्हणे ‘मागाहून’ मिळणार होता. आम्ही उठलो. बंधू दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

पुढे एका मिस्त्रीस सोबत घेतले. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळसर धूर आल्यास आत तेल जळते आहे असे समजावे. मागे एखादा पाटा जादा बसविलेला दिसल्यास गाडीने मर्यादेबाहेर ओझी वाहिली असावीत, अशी शंका घ्यावी. असे एकेक धडे तो देत गेला, आणि आम्ही मास्तर मुकाट्याने विद्यार्थी झालो!

अखेर एका दूधवाल्याची गाडी पसंत पडली. रंग उडालेला, पण इंजिन निकोप आणि कागदपत्रे चोख. दारी आल्यावर आईने तिला कुंकू लावले. तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहून बंधूंनी मान खाली घातली. “त्या दिवशी तू उठलास, ते बरे केलेस,” ते आम्हांला हळूच म्हणाले.

विद्यार्थिमित्रांनो, स्वस्त आणि परवडणारे हे शब्द समानार्थी नव्हेत. पाटल्या अद्याप परत आलेल्या नाहीत. मात्र भाड्याच्या वाचलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला पडत आहे.