वरच्या दोन खोल्या

धाकटे दीर सहकुटुंब इंदूरला गेले आणि आमच्या राजघाटाकडच्या घराचा वरचा मजला मोकळा झाला. दोन खोल्या, ओटा, मोरी, पुढे गच्ची, आणि जायला बाहेरून वेगळा जिना. पहिले सहा महिने कुलूप होतं. पावसाळा संपला तेव्हा भिंतीला ओल आणि कपाटाला बुरशी. सासूबाई म्हणाल्या, "बंद ठेवलं तर वाळवी लागेल, भाड्यानं दिलं तर भाडेकरू. तू ठरव." घर त्यांच्या नावावर, पण ठरवायचं मी, हे आमच्याकडचं जुनं कामवाटप आहे.

मंदिरात प्रवचनानंतर विषय काढला, तर प्रत्येकीकडे एक गोष्ट तयार. कुणाच्या मामेसासऱ्यांचं घर भाडेकरूनं बळकावलेलं, कुणाच्या भाडेकरूनं तीन वर्षं विजेचं बिल भरलेलं नाही. आणि सगळ्यांच्या गोष्टीचा शेवट एकच : "बारा वर्षं राहिला की घर त्याचं." हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोललं जातं की ते कायद्यातच लिहिलंय असं वाटतं. तसं ते नाही. बारा वर्षांची मुदत आहे ती मालकाच्या विरोधात, त्याच्या परवानगीशिवाय उघडपणे ताबा ठेवणाऱ्याची. भाडेकरू तर मालकाच्या परवानगीनंच राहतो. भाडं देतो याचाच अर्थ घर दुसऱ्याचं आहे हे तो मान्य करतो. मात्र तो भाडेकरू म्हणून राहिला होता, हे दाखवायला आपल्याकडे कागद पाहिजे. ज्यांची घरं अडकली त्यांच्या हकिगती मी खोदून विचारल्या. करार नव्हता, पावती नव्हती, भाडं कधी रोख, कधी गव्हाच्या पोत्यात वळतं केलेलं. मग कोर्टात सांगणार काय?

आपल्या राज्यात या बाबतीत मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ चालतो. महाराष्ट्रात माहेर असलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं, कारण तिकडचं ऐकून इकडे चालत नाही. या कायद्यात भाडेकरूला काढायची कारणं मोजून दिली आहेत. मागणीची नोटीस दिल्यावर दोन महिन्यांत थकबाकी न भरणं हे एक, मालकाला विचारल्याशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे दुसरं, मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज असणं हे आणखी एक. अशी बरीच आहेत. "मला आता तो नको वाटतो" हे त्यात नाही. सगळे अकरा महिन्यांचा किरायानामा करतात, आणि बाराव्या महिन्यात माणूस आपोआप निघेल असं समजतात. अकरा महिन्यांचं कारण वेगळंच आहे : एक वर्षाच्या वरच्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, नोंदणी कायदा १९०८चा आहे, आणि तो खर्च नि खेटे टाळायला लोक अकरावर थांबतात. मुदत संपली तरी भाडेकरूला कायद्याचं संरक्षण राहतंच.

हे सगळं वाचून मी घाबरले नाही, उलट निवड नीट करायची हे पक्कं झालं. नको असलेला माणूस बाहेर काढायला वर्षं जातात. दारातच "नाही" म्हणायला पाच मिनिटं.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची निघाली. सासूबाई विधवा आहेत. या कायद्यात १९८३ साली एक वेगळं प्रकरण घातलं गेलं. विधवा किंवा घटस्फोटित बाई, निवृत्त सरकारी नोकर, अपंग व्यक्ती असे मालक असतील आणि त्यांना जागेची खरी गरज असेल, तर त्यांना दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे किमान उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, सरळ अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यावर भाडेकरूला पंधरा दिवसांत आधी लढण्याची परवानगी मागावी लागते. आपल्या समाजात कितीतरी घरं अशा एकट्या बायकांच्या नावावर आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही. पुतणे सांगतात ते एवढंच की "काकू, घर आमच्या नावावर करून टाका."

मग माणसं यायला लागली. पहिला कपड्याचा दलाल. यंत्रमागाचं शहर, त्यामुळे ठाणं ठेवायला जागा सगळ्यांना हवी. भाडं सगळ्यांत जास्त देत होता. "फक्त रात्री माणूस झोपेल, भाभी, बाकी माल." म्हणजे गोदामच. राहत्या घरात माल भरला की जिन्यावर हमाल, कापसाची धूळ, आगीची भीती, आणि राहण्याऐवजी धंद्याचा वापर म्हटल्यावर कायद्याचा हिशेबही बदलतो. त्याला चहा देऊन पाठवलं.

दुसरं कुटुंब मंदिरातल्या एका मान्यवरांनी धाडलं. "अपने ही लोग हैं." नवरा-बायको, दोन मुलं, व्यवस्थित. सासूबाईंना तर खोल्या भरल्यासारख्याच वाटल्या. मी आधार कार्ड, समग्र आयडी आणि आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला. नवरा हसून म्हणाला, "आपल्यात कागद कसले? साधर्मी आहोत." मी म्हटलं, साधर्मी आहात म्हणून तर संबंध बिघडायला नकोत. नंबर आज देतो, उद्या देतो, असं करत आठवडा गेला. बायकोला बाजूला विचारलं, आधी कुठे राहत होतात? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चौथ्या दिवशी मान्यवरांचा फोन : "तुम्ही त्यांचा अपमान केला म्हणतात." मी शांतपणे सांगितलं की कागद आले की चावी देते. कागद आले नाहीत. समाजात दोन महिने माझ्याविषयी काय बोलत होते ते मला ठाऊक आहे, पण तेवढं सोसायची तयारी नसेल तर भाड्यानं देण्याच्या भानगडीत पडू नये. साधर्मीला मदत करायची असेल तर ती मदत म्हणून करावी, हिशेब न ठेवता. मदत आणि भाडेकरार एकाच पिशवीत घातले की दोन्ही नासतात.

तिसरी नर्स. नेपानगरची मुलगी, इथल्या दवाखान्यात नोकरी, बरोबर कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ. नोकरीचं ओळखपत्र, पगाराची स्लिप, आधीच्या मालकिणीचा नंबर. मागायच्या आधीच समोर ठेवलं. आणि मग म्हणाली, "काकू, एक सांगून ठेवते. आम्ही दोघं मटण-अंडी खातो. इथे शिजवणार नाही, आणणारही नाही. पण खात नाही असं खोटं सांगणार नाही."

बनारसीदासांनी १६४१मध्ये लिहिलेल्या 'अर्धकथानका'त आग्र्याच्या एका कचोरीवाल्याची हकिगत आहे. व्यापारात बुडालेले बनारसीदास त्याच्याकडे उधारीवर खात होते, आणि एक दिवस त्यांनीच त्याला सांगून टाकलं की माझ्याजवळ काही नाही, पुढे देऊ नकोस. त्यानंतरही तो महिनोन्‌महिने खाऊ घालत राहिला, आणि पुढे त्याचे पैसे फिटले. त्या मुलीचं बोलणं ऐकताना मला तो कचोरीवाला आठवला. आपल्या गैरसोयीची गोष्ट स्वतःहून सांगणाऱ्याला उधार द्यायला हरकत नसते.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा आणि खरा होता : चातुर्मासात मुनी महाराज गावात असले की आपल्याकडे चौका लागतो. वर असं खाणारी माणसं असतील तर आहार कसा द्यायचा? याला "जुने विचार" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. चौक्याची शुद्धी हा त्यांच्या आयुष्याचा कणा आहे. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो. जिना वेगळा, स्वयंपाकघर वेगळं. पाण्याची टाकी एकच होती, ती वेगळी करून घ्यायचं ठरवलं. प्लंबरचा खर्च आला, पण त्यांच्या मनातली गाठ तिथेच सुटली. त्या म्हणाल्या, "आपल्या चौक्याचं पाणी आपण विहिरीचं आणतोच की." मग राहिला नियम : या घरात मांस-मद्य येणार नाही. हा नियम घराचा आहे, तो आपल्या जातीच्या भाडेकरूलाही तेवढाच लागू. नियम सांगून मग माणूस पाहावा. आडनाव ऐकूनच फोन ठेवणाऱ्या दलालांचं मला पटत नाही. आमच्या लेकीला इंदूरला तीन ठिकाणी खोली नाकारली, कारण ती एकटी मुलगी. "सिंगल लड़की को नहीं देते." तिथे तिच्या कांदा-लसूण न खाण्याचा काही उपयोग झाला नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. लहानपणापासून त्या पाठ. पण त्यातल्या पहिल्या तिन्ही राहत्या जागेविषयीच्या आहेत हे माझ्या ध्यानात आलं ते या वेळी. ओस जागेत राहणं, सोडून दिलेल्या जागेत राहणं, आणि तिसरी 'परोपरोधाकरण' : आपण जिथे आहोत तिथे दुसऱ्याला यायला अडथळा न करणं. या भावना मुनींसाठी आहेत, घरमालकिणींसाठी नाहीत, हे मला कळतं. तरी चोरी न करण्याच्या व्रतात जागा अडवण्याचा विचार यावा, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुलीला बोलाव."

श्वेतांबर साधू-साध्वींच्या आचारात आणखी एक शब्द आहे, शय्यातर. उतरायला जागा देणारा तो शय्यातर, आणि त्याच्या घरची गोचरी साधू-साध्वी घेत नाहीत. ज्यानं जागा दिली त्याच्यावर जेवणाचाही भार नको. आपण घरमालकिणी याच्या अगदी उलट वागतो. जागा दिली, तीही पैसे घेऊन, की वरच्या मुलीनं आपली औषधं आणावीत, बीपी पाहावं, भावानं सिलेंडर उचलावा. ती नर्स आहे म्हटल्यावर गल्लीतल्या तीन आज्या सुई टोचून घ्यायला यायला लागल्या. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, तिची ड्यूटी दवाखान्यात असते.

करार ई-स्टॅम्पवर केला. भाडं पाच हजार, अनामत दोन महिन्यांची. केंद्रानं २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा धरली आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, पण आकडा मला रास्त वाटला. किती माणसं राहणार, पाहुणा किती दिवस, रंग कोणी द्यायचा, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहिलं. थाण्यात दोघांची माहिती आणि फोटो दिले. जिल्हाधिकाऱ्यांचा तसा आदेश लागू असताना माहिती न देणं आपल्याच अंगाशी येतं. विजेला सबमीटर बसवला. आणि भाडं बँकेत घ्यायचं ठरवलं. आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला संपत्ती कर वजा करून उरलेल्याचे सरळ तीस टक्के दुरुस्तीपोटी सोडतात, पावत्या मागत नाहीत; मग रोखीत लपवाछपवी कशाला? नाही तरी ते उत्पन्न सासूबाईंचं, त्यांना कर लागतच नाही.

एक गोष्ट आपणहून सांगितली, तापीच्या पुराची. नदीतला दगडी हत्ती बुडाला की राजघाटाकडच्या गल्ल्यांत सामान हलवायची तयारी सुरू होते. आमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते तिला खालच्या भिंतीवर दाखवलं. वर पाणी येत नाही, पण दोन दिवस जिन्याखाली उतरता येणार नाही, गाडी आधीच वर नेऊन लाव. तिनं गच्चीतून पलीकडचं जैनाबाद पाहिलं आणि विचारलं, तिथेच मुमताजला ठेवलं होतं ना? होय, १६३१मध्ये, आहूखान्यात. सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे अकरा महिनेसुद्धा नाही."

ती दोन करार राहिली. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं, मी पावती लिहून जिन्याच्या दाराशी ठेवायची. वर जायचं तर आधी फोन. ही सवय सासूबाईंना जड गेली. स्वतःच्या घरात फोन करून कसं जायचं? पण चावी दिली की त्या खोल्या तेवढ्या काळापुरत्या दुसऱ्याच्या, हे मी लावून धरलं. भाऊ एकदा रात्री मित्र घेऊन आला, गाणी मोठ्यानं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुन्हा झालं नाही. चातुर्मासात चौका लागला, महाराजांचा आहार निर्विघ्न झाला. त्या दिवशी तिनं आपली ड्यूटी सकाळची मागून घेतली होती. मी सांगितलं नव्हतं.

बदली झाली तेव्हा करारात लिहिल्याप्रमाणे तिनं एक महिना आधी कळवलं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी वही घेऊन वरून फिरलो. पंखे दोन, ट्यूब तीन, मोरीतला नळ गळका. सबमीटरचा आकडा लिहिला. नळाचे दीडशे तिला दाखवून कापले, उरलेली अनामत तिच्या खात्यात त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला, "भाभी, ऊपर का खाली हुआ सुना?" मी म्हटलं, माणसं पाठवा, नियम तेच आहेत, आणि आडनाव मला मी स्वतःच विचारीन.