तापण्याची हद्द

थंडीला तळ आहे, हे शाळेतच कळतं. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्याच्या खाली जाता येत नाही, कारण अणूंकडून काढून घ्यावी अशी ऊर्जाच उरत नाही. मग वरच्या टोकाचं काय? वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर हे विचारतंच, आणि ‘वर मर्यादा नाही’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. उत्तर चूक नाही, पण फार घाईचं आहे.

पहिली शंका प्रकाशाच्या वेगाची. तापमान म्हणजे कणांची धावपळ. कुठलाही कण प्रकाशाला मागे टाकू शकत नाही, तर तापमानही कुठेतरी अडायला हवं. पण सापेक्षतेच्या सिद्धांतात लगाम वेगाला आहे, ऊर्जेला नाही. प्रकाशवेगाजवळ पोचलेल्या कणाचा वेग नावापुरता वाढतो, ऊर्जा मात्र हवी तेवढी वाढू शकते.

खरी हद्द सापडल्यासारखं वाटलं ते १९६५ मध्ये. रॉल्फ हागेडॉर्न हे दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले जर्मन सैनिक. पुढे ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम करू लागले. प्रोटॉनच्या जातकुळीतले कण जितके जड, तितके त्यांचे प्रकार झपाट्याने वाढतात, हे त्यांनी हेरलं. मग अशा पदार्थात आणखी ऊर्जा ओतली तर ती कणांना पळवण्यात नव्हे, नवेनवे जड कण घडवण्यातच खर्च होणार. पातेल्यात उकळणारं पाणी आच वाढवली तरी शंभर अंशांवरच थांबतं, तसं. हागेडॉर्न यांच्या हिशेबाने ही हद्द सुमारे पावणेदोन लाख कोटी केल्व्हिन होती.

दहा वर्षांनी निकोला काबिब्बो आणि जॉर्जियो पारिसी यांनी त्याच गणिताकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पाणी शंभर अंशांवर थांबतं, पण त्याची वाफ पुढे तापतेच. तसेच त्या तापमानाला प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून आतले क्वार्क मोकळे होत असतील, तर ती हद्द नव्हे, अवस्थाबदल ठरतो. एकाच गणिताचा असा पूर्ण नवा अर्थ निघावा, हे विज्ञानातलं फार सुंदर वळण आहे.

ते खरंही ठरलं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवली आणि २०१० मध्ये सुमारे ४ लाख कोटी अंशांची नोंद जाहीर केली. सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाखांहून अधिक पट. अर्थात तिथे तापमापक टिकणार नाही. त्या ठिणगीतून निसटलेल्या प्रकाशकणांच्या ऊर्जेवरून तापमान काढलं गेलं. पुढे सर्नमध्ये शिशाच्या टकरींनी याहून वरची पातळी गाठली. तिथल्या ‘अ‍ॅलिस’ प्रयोगात आयआयटी मुंबईचे संशोधकही आहेत.

याच्याही वर एक आकडा उरतो. मॅक्स प्लांक यांनी १८९९ मध्ये निसर्गाच्या स्थिरांकांतूनच एकके घडवली. त्यांतलं तापमानाचं एकक सुमारे १४ वर एकतीस शून्ये एवढे केल्व्हिन भरतं. तिथे दोन कणांमधलं गुरुत्वाकर्षणही इतर बलांच्या तोडीचं होतं आणि आजची समीकरणं बोलायची थांबतात. अनेक पुस्तकं त्यालाच ‘कमाल तापमान’ म्हणतात. ती मर्यादा आपल्या सिद्धांतांची आहे; निसर्गाचीही आहे, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. स्ट्रिंग सिद्धांतात तर हागेडॉर्न यांच्यासारखीच हद्द पुन्हा डोकावते, आणि १९८८ मध्ये जोसेफ अ‍ॅटिक व एडवर्ड विटन यांनी तिच्याबद्दलही तोच प्रश्न मांडला: ही खरंच हद्द, की आणखी एक अवस्थाबदल?