अडीच किलो

तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझ्याच कोडमधला बग वाटला. नवजात बाळांची जन्मवजनं मांडली होती. आकार टेकडीसारखा गोलसर यायला हवा. तसा आलाही होता, पण बरोबर अडीच किलोवर एक सरळसोट मनोरा उभा होता आणि त्याच्या जरा अलीकडे खड्डा.

बग नव्हता. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ ‘कमी वजनाचं’ धरतात. म्हणजे कुणीतरी बाळांना उचलून रेषेवर ठेवत होतं. मी इंजिनिअर असल्यामुळे मला लगेच उपाय सुचला: कुणी नेमके अडीच भरले की नोंदीवर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारायचा. नशिबाने त्याआधी मला एका आशाताईंबरोबर गृहभेटींना पाठवलं गेलं.

बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशा पुढच्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाते. आम्ही गेलो ते बाळ घरीच जन्मलं होतं, आदल्या रात्री. ताईंनी त्याला झोळीत ठेवून काटा उंच धरला. बाळ पाय झाडत होतं, काटा डुलत होता. मला तो अडीचच्या किंचित अलीकडे वाटला. ताईंनी अडीच भरलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर त्या आधी हसल्या. “दादा, कमी टाकलं की तुमचं ॲप अजून चौदा प्रश्न विचारतं. रेंज नसली की अडकतं आणि आधीचं भरलेलंही जातं. शिवाय कमी वजन म्हटलं की सासू सुनेलाच बोलते.”

ते चौदा प्रश्न मीच टाकले होते.

परत आल्यावर मी डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चा ‘लॅन्सेट’मधला १९९९चा शोधनिबंध नीट वाचला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. ४७ गावं तुलनेसाठी होती. त्यांच्याशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हा आकडा मी अनेक सादरीकरणांत वापरला होता. पण दोन्हीकडच्या गावांत जन्म-मृत्यू सारख्याच पद्धतीने मोजले होते आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पडताळले होते, तो भाग मी कधी वाचलाच नव्हता. २०११ साली केंद्र सरकारने हे काम आशांमार्फत देशभर नेलं, ते अशा मोजणीच्या जोरावर.

आम्ही फॉर्म बदलला. वजन भरताक्षणी ते फोनमध्येच साठवलं जाऊ लागलं. जास्तीचे प्रश्न चारवर आले आणि तेही नंतर भरता येऊ लागले. ‘वजन करता आलं नाही’ हा पर्याय आला. मनोरा बुटका झाला, खड्डा भरत गेला.

मग बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुमच्या नव्या फॉर्मनंतर कमी वजनाची बाळं वाढली कशी? जुना परत आणता येईल का?”

त्यांचंही चूक म्हणवत नव्हतं. वरून जाब त्यांनाच विचारला जाणार होता. मी दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि चौदा प्रश्नांची गोष्ट सांगितली. अहवालात ‘नोंदणीची पद्धत बदलली आहे’ अशी ओळ घालायची, या अटीवर नवा फॉर्म टिकला.

त्या दिवशी निघताना ताईंनी विचारलं होतं, “आम्ही एवढं भरतो, ते पुढे कुणी बघतं का?” मी ‘हो’ म्हणालो होतो, पण त्यांना परत काहीच मिळत नव्हतं. आता ॲप उघडलं की आधी त्यांच्याच गावातल्या कमी वजनाच्या बाळांची यादी दिसते, पुढच्या भेटीच्या तारखेसकट. उद्या सकाळी पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं, हे ताई त्यावरून ठरवतात.