महेश्वरची वाट आणि तेलाची नळी

कूलर हा शब्द उच्चारला, की आम्हां इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी, तिच्यात टपटपणारे पाणी आणि खसाचा ओला सुगंध उभा राहतो. मोटारसायकललाही कूलर असतो आणि त्यात पाणी नव्हे, तर तेल खेळते, हे आमच्या घरी चिरंजीवांनी नवी गाडी आणीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. "मग यात रोज तेल कोणी भरायचे?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा विचारला होता, आणि आम्ही सारे हसलो होतो. त्या हसण्याची परतफेड आम्हांला पुढे जाम घाटात करावी लागली.

३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त महेश्वरला जाऊन यावे, आणि तेही हमरस्त्याने न जाता जुन्या वाटेने जावे, असे मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मनाने घेतले. इंदूरहून महेश्वरला जायला दोन मार्ग आहेत. एक मानपूर-धामनोदवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता; तो रुंद आणि ट्रकांच्या रांगांनी गजबजलेला. दुसरा महूवरून जामच्या दरवाजाने विंध्य उतरून मंडलेश्वरला पोहोचणारा. दोन्ही वाटांनी अंतर नव्वद-शंभर किलोमीटरांचेच. परंतु पहिल्या वाटेने माणूस केवळ महेश्वरला पोहोचतो. दुसऱ्या वाटेने गेले असता माळवा कोठे संपतो आणि निमाड कोठे सुरू होतो, हे त्याला अंगावर जाणवते.

पहाटे निघालो. चिरंजीव गाडी चालवीत होते आणि मी मागे बसलो होतो. महू सोडल्यानंतर पठार हळूहळू उंचावत जाते, वस्ती विरळ होते, आणि एके ठिकाणी भूमीच संपल्यासारखी वाटते. तेथेच कड्याच्या ओठावर तो दगडी दरवाजा उभा आहे. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या या वाटेवर अहिल्यादेवींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधविला. वरच्या कमानीतून पाहिले असता पायथ्यापासून नर्मदेपर्यंतचा सारा मुलूख धुरकट उन्हात पसरलेला दिसतो. इंदूरची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. नर्मदेचे पात्र तिच्याहून सुमारे चारशे मीटर खाली. पठारावरचा वारा सकाळी सुखद असतो. परंतु घाटाच्या पहिल्या दोन वळणांतच खालून येणारी झळ तोंडावर आदळते.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर मला जळक्या तेलाचा वास आला. पुढच्या एखाद्या ट्रकचा असावा असे वाटले; परंतु पुढे ट्रक नव्हता. सहज खाली पाहिले, तो माझा उजवा बूट काळा आणि ओला दिसला. मी चिरंजीवांच्या खांद्यावर जोराने थाप मारली. गाडी थांबली. इंजिनाच्या पुढील बाजूस असलेल्या एका नळीतून तेलाची केसासारखी बारीक धार उडत होती आणि वाऱ्याने मागे येत होती. तिचे काही शिंतोडे मागच्या चाकाच्या कडेवर पोहोचले होते. उतार, वळण आणि टायरावर तेल! आणखी दोन वळणे आम्ही तसेच गेलो असतो तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

चिरंजीवांनी तत्काळ इंजिन बंद केले. तेलाची पातळी दाखविणारी काचेची छोटी खिडकी रिकामी दिसत होती. अशा स्थितीत इंजिन चालवणे म्हणजे ते स्वहस्ते जाळणे होय. इंदूरला भाजी उतरवून रिकामी परतणारी एक लोडिंग गाडी आमच्यासाठी थांबली. चार जणांनी मोटारसायकल उचलून तीत चढविली आणि आम्ही मंडलेश्वरकडे निघालो.

त्या प्रवासात मी मुलाला पुष्कळ बोललो. गाडी वेगाने हाकता, सर्व्हिसिंग वेळेवर करीत नाही, आजच्या पिढीला वस्तूची किंमत नाही, हे सारे तीस वर्षे वर्गात घोटलेल्या आवाजात मी त्याला ऐकविले. तो खिडकीबाहेर पाहत गप्प राहिला. मंडलेश्वर आणि महेश्वर या परिसरात शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद झाला, अशी श्रद्धा आहे. दोघांच्या गळ्यांत फुलांच्या माळा घातल्या होत्या आणि ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला, असे ठरले होते. क्रोधाच्या उष्म्याने माळ कोमेजते, असा त्या कथेचा आशय आहे. त्या दिवशी माझ्या गळ्यात माळ असती, तर मंडलेश्वरची वेस येण्यापूर्वीच तिचे निर्माल्य झाले असते.

बाजाराच्या टोकाला कडुलिंबाखाली एक दुरुस्तीचे दुकान होते. उस्ताद पन्नाशीचे, माझ्याच वयाचे. त्यांनी इंजिन निवेपर्यंत गाडीला हात लावला नाही. फक्त उकिडवे बसून पाहत राहिले. मग नळीवर एक बोट ठेवून त्यांनी विचारले, "माट्साब, यह पाइप बाँधा किसने?"

मी उत्तर देण्यापूर्वी नळीकडे पाहिले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मार्च महिन्यात मी गाडीला पुढे लोखंडी लेगगार्ड आणि त्यावर दोन जादा दिवे स्वतः बसविले होते. कूलरची नळी तेथे जरा ओघळल्यासारखी, अस्ताव्यस्त दिसत होती. अव्यवस्थितपणा मला खपत नाही. म्हणून दिव्यांच्या तारा आणि ती नळी एकत्र करून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मी लेगगार्डला करकचून आवळली होती आणि आपल्या टापटिपीवर खूष झालो होतो.

ही नळी काय करते, ते उस्तादांनी मला समजावून सांगितले. इंजिनातील तेल दोन कामे करते. फिरणाऱ्या भागांचे घर्षण कमी करते आणि त्यांची उष्णता वाहून नेते. चढावर वा उन्हात त्या तेलाचे तापमान सहज शंभर अंशांच्या वर जाते. फार तापलेले तेल पातळ होते आणि त्याची पकड सुटते. म्हणून पंप त्यातील काही तेल एका नळीने पुढच्या जाळीदार कूलरमध्ये धाडतो; समोरच्या वाऱ्याने ते निवते आणि दुसऱ्या नळीने परत येते. नळीचे एक टोक इंजिनाला, दुसरे कूलरला. इंजिन सतत थरथरते. ती थरथर पोटात घेता यावी म्हणूनच कारखान्याने नळीला थोडी सैल ठेवलेली असते. मी ज्याला गबाळेपणा समजलो, ती योजना होती. नळी आवळल्यामुळे लेगगार्डच्या पट्टीची धार तिला प्रत्येक थरथरीत घासत राहिली, आणि ती सायलेन्सरच्या तापलेल्या वाकणाजवळ ओढली जाऊन तिचे रबर कडकही झाले. अडीच महिन्यांत वरचे रबर गेले, आतील तारांची वीण उघडी पडली आणि शेवटी घाटात छिद्र पडले.

आता नवी नळी कोठून आणायची? कंपनीची मागवावी, तर चार-सहा दिवस लागणार. परंतु निमाड हा कापसाचा आणि मिरचीचा, म्हणजे ट्रॅक्टरांचा मुलूख. ट्रॅक्टर आणि जेसीबी यंत्रांच्या दाबनळ्या जागच्या जागी बनवून देणारी दुकाने येथे आहेत. चिरंजीव आणि दुकानातील पोरगा जुनी नळी नमुन्यादाखल घेऊन धामनोदच्या बाजूला गेले. आत रबर, मध्ये पोलादी तारांची वीण, वर पुन्हा रबर अशी, तापलेले तेल सोसणारी नळी कापून, दोन्ही टोकांना यंत्राने टोपणे दाबून ती तीन तासांत तयार झाली. मापाहून दोन बोटे अधिक ठेवा, असे उस्तादांनी बजावून सांगितले होते.

बसविण्याचे काम मी जवळून पाहिले. नळीच्या टोकाला डोळ्यासारखे भोक असते आणि त्यातून पोकळ बोल्ट जातो. तेल त्या बोल्टाच्या पोटातून वाहते. त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर उस्तादांनी नवे घातले. एकदा दाबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही आणि तेथून तेल झिरपते, असे ते म्हणाले. इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे असल्याने त्यांनी बोल्ट बेताने आवळला. नळीवर एक पांढरी रेघ छापलेली असते. दोन्ही टोके कसल्यानंतरही ती सरळ राहिली पाहिजे. रेघ पिळलेली दिसली, तर नळीलाही पीळ बसला असे समजावे. मग त्यांनी नळीची वाटच बदलली. लेगगार्डच्या बाहेरून न नेता चौकटीच्या आतून, सायलेन्सरपासून चांगली चार बोटे दूर, मध्ये रबरी अस्तराच्या एकाच कड्यातून, आणि तीही त्या कड्यात सरकू शकेल अशी. दिव्यांच्या तारा निराळ्या केल्या. हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवून पाहिले, पुढचा भाग दाबून मडगार्ड नळीला टेकत नाही ना, ते तपासले. तेल भरून इंजिन पाच मिनिटे चालविले, बंद केले, थोडे थांबून पातळी पाहिली आणि कूलरात शिरलेल्या तेलाइतकी भर घातली. शेवटी मागचे टायर साबणाने दोनदा धुतले. "रात्री खाली कागद ठेवा," ते म्हणाले. "सकाळी तो कोरा असला तरच घाट चढा."

संध्याकाळी महेश्वरच्या घाटावर आम्ही दोघे बसलो होतो. किल्ल्याच्या भिंतीची सावली पायऱ्या उतरून पाण्यात गेली होती. शेवटी मी म्हणालो, "चूक माझी होती. तुला उगीच बोललो."

"मला माहीत होते, बाबा," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही पट्ट्या बांधल्या, त्याच दिवशी पाहिले होते."

"मग सांगितले का नाहीस?"

तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. "तुम्ही केलेल्या कामात चूक आहे, असे आपल्या घरात कोणी सांगते का?"

वाचकहो, त्या दिवशी नळी फुटली तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो, जितका या वाक्याने घाबरलो. एक चूक मार्चपासून आमच्या अंगणात उभी होती. ती दिसत होती, पाहणाराही होता. परंतु सांगण्याची वाट मीच बंद केली होती. केवळ घरात नव्हे. माझ्या शाळेतही चाळीस-पन्नास माणसे माझ्याभोवती वावरतात. त्यांना काय काय दिसत असेल आणि त्यांतील किती ते माझ्या कानांवर घालत असतील, याचा विचार मी त्या रात्री करीत राहिलो.

सकाळी कागद कोरा होता. देवींच्या वाड्यातील साध्या गादीचे दर्शन घेतले आणि परतीच्या वाटेला लागलो. येथूनच १७९५ पर्यंत त्यांनी राज्यकारभार पाहिला. गाऱ्हाणे घेऊन आलेल्याचे त्या स्वतः ऐकून घेत, असे आपण शाळेत शिकवितो. ती ओळ मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे.

घाट चढताना वळणे मोजीत होतो. कड्यावर सरळ रेघ मारली असती, तर वाट आखूड झाली असती. परंतु ती कोणाला चढता आली नसती. जामच्या दरवाजापाशी गाडी थांबवून आम्ही दोघे वाकलो. नळी तापलेली होती, पण कोरडी होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, दिव्याची डावी तार जरा ताणलेली वाटते."

"दाखव," मी म्हणालो, आणि चष्मा पुसून खाली बसलो.